टोपली आणि सूप (विदर्भातील बुरूडकाम)

बांबूच्या पात्यांपासून हाताने विणलेली घरगुती व शेतीची भांडी. नागपूर जिल्ह्यात ती प्रामुख्याने बुरूड समाजाचे कारागीर करतात. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात बसोर, बांसफोड आणि बुरूड यांची नोंद एकत्र आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही बसोर व बुरूड एकाच क्रमांकाखाली येतात.

विदर्भात कामाला येणारे बांबू मुख्यतः दोन: बारीक, जवळजवळ भरीव मानवेल आणि जाड, काटेरी कटांग. विणायला ओला बांबू हवा, वाळला की पाती तडकते. कोयत्याने तो उभा चिरायचा, गाठी तासायच्या, कामट्या काढायच्या आणि मग त्या सोलून पात्या करायच्या. बाहेरची हिरवी, चकचकीत पाती चिवट असते, म्हणून ती काठाला आणि आधाराला जाते. आतली मऊ पाती भरणीला. टोपलीच्या बुडाशी पात्या एकमेकींवर आडव्यातिडव्या मांडून त्यांभोवती वीण फिरवत नेतात. सुपाचे गणित वेगळे. त्याला तीनच बाजूंनी काठ असतो, तोंड उघडे व सपाट. पाखडताना दाणे मागच्या काठाकडे सरकतात आणि कोंडा पुढून उडून जातो. वीण विरळ राहिली तर बारीक धान्य गळते, म्हणून नवे सूप शेणाने सारवून घेण्याची रीत आहे.

सूप घरात पाखडण्यापुरते नसते. नवजात बाळाला सुपात ठेवतात. आश्विन अमावास्येच्या रात्री सूप बडवून अलक्ष्मीला घराबाहेर काढतात. लग्नाच्या शेवटी, ऐरणीदानात, दिवे लावलेली बांबूची टोपली वराकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर ठेवून मुलगी त्यांच्या हवाली करतात. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण तर जात्याचे तोंडही न पाहिलेली पिढी सर्रास वापरते. आणि तिरडीही बांबूचीच. अशा वस्तू घडवणाऱ्याला मात्र गावाने बराच काळ लांबच बसवले, हेही इथे नोंदवायला हवे.

टोपलीभोवती अशा कथा आणि रीती इतरत्रही आहेत. न्यूझीलंडच्या माओरींची ‘केते’ ही हराकेके या गवतासारख्या दिसणाऱ्या झुडपाच्या लांब पानांची टोपली. ताने या देवाने वरच्या लोकातून ज्ञानाच्या तीन टोपल्या आणल्या, अशी त्यांची कथा आहे. हराकेके कापताना मधला कोंब आणि त्याला बिलगलेली दोन पाने सोडतात. कोंब म्हणजे मूल आणि ती पाने आईबाप. शिकाऊ विणकराने पहिली टोपली देऊन टाकायची, हाही दंडक आहे. विदर्भातही बांबूच्या रांजीतला (बेटातला) त्या वर्षीचा कोवळा बांबू तोडायचा नसतो आणि पावसाळ्यात तोड बंद असते. माओरींनी हा नियम नात्यातून सांगितला, आपल्याकडे तो वनखात्याच्या नियमांतून आला.

बुरुडाची खरी अडचण विणण्यात नसून बांबू मिळण्यात राहिली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू अनेक दशके बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले. तरी वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याच्याच हाती राहिला; २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेकडे तो अधिकार आला. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे व नेणे सोपे झाले.

चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तरी बाजारात प्लास्टिकची सुपे आणि क्रेट यांनी रोजच्या वापरातली बरीच जागा घेतली. छटपूजेच्या दिवसांत मात्र नागपुरातल्या उत्तर भारतीय कुटुंबांनाही अर्घ्यासाठी बांबूचेच सूप लागते.