विमा गाडीचा नसतो, रस्त्यावरच्या माणसाचा असतो

गेल्या महिन्यात आमच्या शाहूपुरीतल्या घरी दोन गाड्यांच्या पॉलिसी एकाच आठवड्यात संपल्या. एक वडिलांची. वय ७१, चाळीस वर्षं गाडी चालवतात, आजवर एक चलन नाही. दुसरी पुतण्याची. वय २३, सेकंडहँड गाडी, वर्षात तीन चलनं, आणि व्हीनस कॉर्नरला एका रिक्षाला घासून झालंय ते वेगळंच. दोन्ही गाड्या १००० ते १५०० सीसीमधल्या. दोन्हींचा थर्ड पार्टीचा आकडा एकच, ३,४१६ रुपये. वर जीएसटी.

वडील भडकले. "मी एवढी वर्षं नीट चालवली आणि ह्या पोराएवढंच भरायचं? ह्यो कुठला न्याय?"

प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्याला बऱ्याच राज्यांत विमा कंपनीकडून सरकारदरबारी वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याचा हप्ता चांगलाच वाढतो. इंग्लंडमध्ये नवशिक्या पोरांचा हप्ता ऐकूनच घाम फुटतो. मग आपल्याकडं असं का नाही? त्यासाठी थोडं मागं जाऊया.

देशभरासाठी पहिला मोटार कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी होती, लायसन्स होतं, पण विम्याची सक्ती नव्हती. ब्रिटनने १९३० मध्ये विमा सक्तीचा केला. आपल्याकडं १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्याचं अख्खं प्रकरण आलं, पण ते प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ ला. म्हणजे कायदा झाल्यावर सात वर्षांनी. मधे महायुद्ध होऊन गेलं. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथं आपोआप चालत नव्हता. १ मार्च १९४९ ला आपण मुंबई प्रांतात विलीन झालो.

आता आपली शाहूपुरी बघा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारी पेठ वसवली, रेल्वे येऊन चारच वर्षं झाली होती. गुळाचे रवे बैलगाडीतून यायचे. पुढं बैलगाडीच्या जागी ट्रक आला, टेम्पो आला. रस्ते तेवढेच राहिले, त्यावरची माणसंही तीच राहिली. हमाल, हातगाडीवाले, सायकलवाले, स्टँडकडं पायी निघालेले लोक. विम्याचा कायदा ह्या माणसांसाठी केलेला आहे, गाडीमालकासाठी नव्हे. विम्याच्या करारात पहिला पक्ष मालक, दुसरा कंपनी. तिसरा कोण? ज्याला धडक बसली तो. ना त्यानं पॉलिसी घेतलेली असते, ना सही केलेली असते. म्हणून नाव थर्ड पार्टी.

हे मी पुस्तक वाचून शिकलो नाही. आमच्या अडत दुकानात एक हमाल मामा होते. १९९६ मध्ये सकाळी कामावर येताना एका टेम्पोनं त्यांना उडवलं. पाय कायमचा गेला. न्यायाधिकरणात दावा झाला, निकालही त्यांच्या बाजूनं लागला, रक्कम ठरली. पण टेम्पोचा विमा आठ महिन्यांपूर्वीच संपलेला. मालकाच्या नावावर दुसरं काही नव्हतं. मामी कितीतरी वर्षं निकालाची ती प्रत पिशवीत घालून कोर्टात हेलपाटे घालत होत्या. हातात पडलं ते फार थोडं, ते पण तुकड्या-तुकड्यांनी. मालकानं वाचवले असतील एका वर्षाच्या हप्त्याचे पैसे. त्याची किंमत मामांनी आयुष्यभर भरली.

असल्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं असावीत ही सोय १९५६ च्या दुरुस्तीनं झाली. पण चूक कुणाची हे सिद्ध करायचं ओझं जखमी माणसावरच होतं. १९८२ मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये मिळायची तरतूद झाली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागू लागला. कारण उघड होतं. लोक शोरूममधून निघताना विमा काढायचे आणि दुसऱ्या वर्षी विसरायचे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडं येऊ. २००७ पासून विमा कंपन्यांना हप्ते स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली, पण थर्ड पार्टीचा दर सरकारी नियंत्रणातच राहिला. तो चालक बघत नाही, गाडी बघतो. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७ रुपये. ७५ ते १५० सीसी दुचाकीला ७१४. चालवणारा साधू असो की भन्नाट सुटणारा, आकडा तोच.

मग बेफाम चालकाला काहीच भुर्दंड नाही का? आहे, पण दुसऱ्या खिशातून. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्यावर क्लेम न करणाऱ्याला सवलत मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत पाच वर्षांत ५० टक्के. एक क्लेम केला की सगळी शून्यावर. वडिलांना ५० टक्के मिळते, पुतण्याला शून्य. हे दाखवल्यावर वडील थोडे शांत झाले.

आणि पिऊन किंवा लायसन्स नसताना चालवलं तर? स्वतःच्या गाडीचा क्लेम विसरायचा. लायसन्सचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की मालकाचा दोष असला तरी कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावता येतात, मग कंपनीनं ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे घर-जमीन असलेल्या मालकानं बिनलायसन्स पोराच्या हातात किल्ली देताना हे ध्यानात ठेवावं. पोरगं अठराच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटानं चलनांचे गुण मोजून जादा हप्ता लावायची शिफारस केली होती. मला ती तत्त्वतः पटते. पण एक भीती आहे. संसदेच्या स्थायी समितीनं २०२४ मध्ये नोंदवलंय की देशातली निम्म्याहून जास्त वाहनं विम्याविनाच फिरताहेत. अशा ठिकाणी धोकादायक चालकाचा थर्ड पार्टी हप्ता दुप्पट केला तर तो सुधारेल का विमाच सोडून देईल? सोडला तर त्याला पहिल्या वेळी दंड २,००० रुपये. हप्त्यापेक्षा कमी! आणि त्यानं ज्याला उडवलं त्याची गत आमच्या मामांसारखी.

म्हणून माझं मत असं. जादा वसुली करायची तर ती स्वतःच्या गाडीच्या विम्यात आणि चलनात करा. थर्ड पार्टी सगळ्यांना परवडेल असाच ठेवा, पण एकही गाडी त्याच्याविना रस्त्यावर येऊ देऊ नका. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याला हेल्मेट दिसतं, तर नंबरावरून संपलेला विमा का दिसू नये?

एक चांगली गोष्ट पण सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झालंय. अपघाताच्या दाव्याच्या अपिलासाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. मामींच्या वेळी हे असतं तर निदान एसटीचं भाडं तरी वाचलं असतं.

वडिलांनी दोन्ही हप्ते त्याच दिवशी भरले. पुतण्याचे पैसे मात्र त्याच्याच पगारातून कापून घेतले.

आज घरातल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी काढून तारीख बघा. अडगळीतली मोपेड पण बघा, भाजी आणायला आपण तीच काढतो. मोबाईलवर एमपरिवहनमध्ये नंबर टाकला तरी कळतं. आणि दुकानात कामाला येणाऱ्या पोराच्या गाडीचं पण विचारा. संपली असेल तर ७१४ रुपये उसने द्या, पण भरून घ्या.