‘प्रबुद्ध’ आठ कळांचा

1956 साली ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले, तेव्हा जोडाक्षर म्हणजे कंपोझिटरच्या हातातले शिशाचे खिळे होते. संगणकात त्याचा क्रम झाला : द, हलंत, ध. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘प्रबुद्ध’ आठ कळांत उमटतो. 1991 च्या इस्की मानकाने जोडाक्षर असेच साठवले, युनिकोडनेही तेच घेतले.

पण मित्रांनो, सोलापूरच्या नवी पेठेतून आपण जयंतीच्या स्मरणिका टाईप करून घेतल्या त्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. तिथे अर्धे अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले नुसते चित्र! फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा. शोधूनही सापडत नाही. आपला इतिहास पुसायला मग शत्रू कशाला हवा? त्या फाईली फॉन्टच्या नावासकट जपा, म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर करता येईल.