रिद्धपूर आणि आपली एक म्हण

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आपल्या भाषेत फार दिवस रुळलेली आहे. एका दमात दोन समाजांस दूषण देणारे हे शब्द आपण सहज बोलून जातो. आम्हां वरूडकरांनी तरी ते उच्चारण्यापूर्वी थांबले पाहिजे. कारण महानुभावांचे पूज्य क्षेत्र रिद्धपूर आपल्या शेजारच्या मोर्शी तालुक्यातच आहे.

या दूषणाला एक कारण घडले. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले. बाहेरच्यांना पोथी वाचता येईना. तेव्हा त्यांनी तर्क लढविला, की जे झाकून ठेवले ते निंद्यच असले पाहिजे! अज्ञान आपले, आणि दोष मात्र त्यांच्या माथी.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, डॉ. वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय उजेडात आणले. झाकलेल्या त्या पोथ्यांत निघाले काय? मराठीतला आद्य चरित्रग्रंथ, लीळाचरित्र!

तो ज्यांनी सिद्ध केला ते म्हाइंभट मोठे पंडित. चक्रधरस्वामींकडे प्रथम गेले ते वादासाठी. पण स्वामींच्या पश्चात आठवणी जमविताना तेच शिष्याशिष्यांच्या दारी गेले, स्त्रियांच्या तोंडूनही लीळा ऐकल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. आणि जेथे दोघांची आठवण जुळेना तेथे दोन्ही नोंदविल्या. पांडित्य बाजूला ठेवून ऐकणे ते हेच. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मतभेद खुशाल असावा, पण तो समजून घेतल्यानंतरचा असावा.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा पंथ पंजाबात पोचला. तेथे त्यास जयकृष्णी म्हणतात. धर्मग्रंथ मराठीत आहेत, म्हणून तेथील साधक मराठी शिकतात. परप्रांतीयाने आपली भाषा शिरी धरावी, आणि आपण तिचे आद्य गद्य जपणाऱ्यांना म्हणीने डिवचावे, हे आपणांस शोभत नाही.

आज मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपुरास आहे. तो मान शासनाने दिला. जिभेवरची म्हण टाकून देणे मात्र शासनाच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे.