कामगार नुकसानभरपाईची सरकारी नोंद आणि सातारा-सांगलीचा इतिहास

कोणत्याही सरकारी आकड्याचा इतिहासाच्या कामी उपयोग करावयाचा, तर तो कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या कायद्याच्या आज्ञेने गोळा केला, हे प्रथम पाहिले पाहिजे. सनदा व महजर यांना हा नियम लावण्यास आपण चुकत नाही. छापील पत्रकांना तो लावण्यास मात्र विसरतो. सातारा व सांगली या भागांतील कारखानदारीचा इतिहास लिहू जाणाऱ्यास कामगारांच्या अपघातांची पत्रके चाळावी लागतील. म्हणून त्या पत्रकांचे मूळ येथे तपासले आहे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. कामावर असता व कामामुळे अपघात होऊन कामगार जायबंदी झाला वा दगावला, तर मालकाने ठरीव प्रमाणात भरपाई द्यावी, हे त्याचे सार. याच कायद्याच्या १६ व्या कलमाने मालकांकडून पत्रके मागविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. परंतु मागणी कशाची होती? गेल्या वर्षात ज्या दुखापतींबद्दल भरपाई दिली त्यांची संख्या आणि दिलेली रक्कम, यांची. म्हणजे हे पत्रक अपघातांचे नसून भरपाईचे होते. ज्याने मागणी केली नाही, अथवा ज्याची मागणी मालकाने दाबली, त्याचा तुटलेला हात या हिशेबात येत नाही.

कारखान्यांच्या कायद्याखाली अपघातांची वेगळी वर्दी द्यावी लागे. १९३४ च्या कायद्याप्रमाणे अपघातानंतर ४८ तास कामगार कामावर येऊ शकला नाही, तर ती वर्दी देणे व्यवस्थापकास भाग होते. उलट भरपाईचा हक्क आरंभी दहा दिवसांहून अधिक काळच्या असमर्थतेसच लागू होता. ही मुदत १९३३ च्या दुरुस्तीने सात दिवसांवर व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. तेव्हा चार दिवस घरी बसलेला १९३५ चा कामगार एका दफ्तरात सापडेल व दुसऱ्यात सापडणार नाही. दोन्ही दफ्तरे खरी. प्रश्न मात्र भिन्न.

विम्याचे दफ्तर हे तिसरे. १९२३ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला नव्हता. मालकाने स्वेच्छेने विमापत्र घ्यावे, एवढेच. १९३८ च्या विमा कायद्याने विमा कंपन्यांना आपले वार्षिक हिशेब सरकारी अधिकाऱ्याकडे सादर करणे भाग पडले. पण त्या हिशेबाचा हेतू कंपनीची पत तपासण्याचा होता, कामगाराची दुखापत मोजण्याचा नव्हता. ज्या मालकाने विमा उतरविलाच नाही, त्याच्या कारखान्यातील अपघात तेथे शोधणे व्यर्थ होय.

आता आपल्या प्रांताकडे वळू. नुकसानभरपाईचा हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता; संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच सातारारोड व किर्लोस्करवाडी ही कारखान्यांची गावे आहेत. सातारारोड येथील कूपर यांचा कारखाना ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. सांगली हे तर पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान. ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. यास्तव १९४० च्या सातारा जिल्ह्याच्या आकड्यांशी १९६० च्या सांगली जिल्ह्याचे आकडे ताडून अपघात वाढले असा निष्कर्ष काढणे घातक आहे. वाढले असतील वा नसतील. नोंदीची हद्द मात्र निश्चित बदलली.

राज्यकर्त्यांना आपल्या माहितीचे हे न्यून कळले नव्हते असे नाही. १९३३ च्या दुरुस्तीने आलेल्या १० अ या कलमाचे महत्त्व येथेच आहे. कामगार अपघाताने मरण पावल्याची बातमी कोणत्याही मार्गाने मिळाली, तरी भरपाईच्या कमिशनरास मालकाकडे नोटीस धाडून तीस दिवसांत खुलासा मागता येऊ लागला. मालकाने जबाबदारी नाकारल्यास, भरपाईची मागणी करता येईल अशी सूचना मृताच्या आश्रितांना देण्याचा अधिकारही कमिशनरास मिळाला. ज्या विधवेस कायदा ठाऊक नाही तिच्या अर्जाची वाट न पाहता सरकारने स्वतः विचारणा करावी, हे तत्त्व यात आले. माहिती मागण्याची सत्ता हीच येथे दुर्बलाची ढाल झाली.

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने वर्गणीचा सक्तीचा विमा आला. तो जेथे लागू झाला तेथे विमेदार कामगाराचे नाव अपघातापूर्वीच दफ्तरी लागले. पूर्वीच्या पद्धतीत कामगार कागदावर येई तो बहुधा जखमी वा मृत होऊनच. हा भेद लहान नव्हे.

सारांश, या पत्रकांतील रिकामा रकाना पाहून कारखाना निर्धोक होता असे संशोधकाने लिहू नये. त्या रकान्याचा अर्थ इतकाच, की त्या वर्षी, त्या हद्दीत, त्या कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मृत्युनोंदींत, रुग्णालयांच्या वह्यांत व कामगारांच्या घरच्या कागदांत धुंडाळावी लागतील. ते कागद जिर्ण होण्यापूर्वी या दोन जिल्ह्यांतील अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे.