टेबलावरचे स्पीकर आणि पांढऱ्या कोनाची गोष्ट

घरच्या टेबलावर स्पीकर कसे ठेवायचे असं कुणाला विचारलं, की ठरलेली उत्तरं येतात. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. सल्ला चांगलाच आहे. पण स्पीकर इतक्या जवळ घेऊन ऐकायची पद्धत आली कुठून, हे बघायला गेलं की साधनांचे स्वभाव कळायला लागतात. म्हणून आज हा विषय.

स्टुडिओत पूर्वी मुख्य स्पीकर समोरच्या भिंतीत, बरेच लांब असायचे. त्यामुळे स्पीकरइतकीच खोलीही ऐकू यायची. सत्तरच्या दशकात अभियंत्यांनी ऑराटोनसारखे छोटे डबे थेट मिक्सिंग कन्सोलवर आणून ठेवले. कान जवळ आला की थेट आवाजाचा वाटा वाढतो आणि खोलीचा घटतो, एवढंच त्यामागचं गणित.

मग १९७८ मध्ये यामाहाचा एनएस-१० आला. बंद पेटी, पांढऱ्या कागदी कोनाचा वूफर. हा घरात, पुस्तकांच्या फळीवर ठेवायचा स्पीकर होता आणि तिथे त्याचं फारसं कौतुक झालं नाही. स्टुडिओंनी मात्र तो उचलला. १९८७ मध्ये कंपनीने खास स्टुडिओसाठीची आवृत्ती काढली, आणि २००१ मध्ये उत्पादन थांबवलं.

त्याचा ट्वीटर कर्कश म्हणून लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. कुठल्या कंपनीचा, एक पदरी की दुहेरी, यावरही वाद! बॉब होडास यांनी १९८६ मध्ये हा प्रकार चक्क मोजून पाहिला. कागद वरचे स्वर नुसते मऊ करत नव्हता, प्रतिसादात खाचखळगेही पाडत होता.

हा स्पीकर इतका का चालला? मुलाखतींत एकच उत्तर सापडतं: ‘यावर चांगलं वाजलं तर कुठेही चांगलं वाजेल.’ म्हणजे त्याचा वाईटपणाच कामाचा. २००१ मध्ये फिलिप न्यूवेल आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाचे कीथ हॉलंड यांनी सहकाऱ्यासह मोजमापं मांडली, तेव्हा वेगळंच दिसलं. सिग्नल थांबला की हा स्पीकर फार लवकर गप्प होतो, खर्जातसुद्धा. माझ्या मते यामुळे मुलाखती खोट्या ठरत नाहीत. अभियंत्यांना काय वाटत होतं याचा त्या पुरावा आहेत. पेटीत काय घडत होतं याचा नाहीत.

आता टेबलाकडे या. स्पीकर कन्सोलवर ठेवला की पृष्ठभागावरून परावर्तन आलंच. समजा ट्वीटर टेबलापासून २० सेंमी वर, कान ४० सेंमी वर आणि आडवं अंतर ७० सेंमी. थेट वाट सुमारे ७३ सेंमी, टेबलावर आपटून येणारी ९२. फरक १९ सेंमीचा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त उशीर. परिणामी साधारण ९०० हर्ट्झजवळ खड्डा पडतो, नेमका माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात.

इथे कुणीतरी ‘हास इफेक्ट’ काढतंच: इतक्या कमी वेळात आलेला प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळतो, मग बिघडलं कुठे? हेल्मुट हास यांचा १९४९ चा ग्योटिंगेनचा प्रबंध निदान शीर्षकापुरता तरी वाचा. एका प्रतिध्वनीचा बोलणं ऐकण्यावर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न होता. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही याचा अर्थ स्वराचा रंग बदलत नाही असा होत नाही. प्रबंधाचं नाव घेऊन त्यात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं, हे आपल्या क्षेत्रांतही कमी घडत नाही म्हणा.

वरच्या मापांत आवाज स्पीकरपुढे सुमारे २३ सेंमीवर टेबलाला आपटतो. स्पीकर कडेजवळ ओढून पुढची लाकडाची पट्टी त्याहून अरुंद केली, तर ते परावर्तन बरंचसं टळतं. स्टँड लावून स्पीकर उंच केले तर हाच बिंदू आपल्याकडे सरकतो, म्हणून दोन्ही एकत्र करून बघा.

आणि एनएस-१० फोटोंत आडवे दिसतात म्हणून आपलेही आडवे टाकू नका. तिथे मागच्या काचेतून कलाकार दिसायला हवे असत. आडव्या ठेवणीत डोकं जरा डावीउजवीकडे हललं तरी वूफर-ट्वीटरचं अंतर बदलतं. घरच्या टेबलामागे काच नसते, भिंत असते.