युवराजांचा कंठ आणि वैद्यांची मसलत

सन १८८७च्या आरंभी जर्मन साम्राज्याचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. ऑस्ट्रियाविरुद्धच्या आणि फ्रान्सविरुद्धच्या युद्धांत सैन्याचे नेतृत्व केलेल्या, वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या त्या धिप्पाड पुरुषाच्या घशातील खरखरीकडे प्रथम पडशाचा परिणाम म्हणूनच पाहिले गेले. परंतु आठवडे लोटले तरी उतार पडेना, तेव्हा मार्च महिन्यात प्राध्यापक गेरहार्ट यांनी आरशाने कंठ तपासला आणि डाव्या स्वररज्जूवर त्यांना एक लहानशी गाठ आढळली. विजेने तापवलेल्या तारेने ती जाळण्याचे प्रयत्न झाले. ती पुन्हा वाढली. मे महिन्यात शल्यविशारद अर्न्स्ट फोन बेर्गमान यांना पाचारण करण्यात आले. वस्तुतः या प्रकरणातील दुसरा अभिप्राय तो त्यांचाच. हा कर्करोग असावा, गळा बाहेरून छेदून स्वरयंत्र उघडावे आणि गाठ समूळ काढावी, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले व २१ मे हा दिवस शस्त्रक्रियेसाठी मुक्रर झाला.

साम्राज्याचा चॅन्सेलर बिस्मार्क याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की ही शस्त्रक्रिया खुद्द युवराजांना न कळवता, त्यांना बेशुद्ध करून उरकण्याचा वैद्यांचा बेत होता आणि रुग्णाच्या संमतीवाचून काहीही करू नये असा हुकूम वृद्ध सम्राटांकडून त्याने मिळवला. ज्याच्या गळ्यावर शस्त्र चालायचे त्यालाच त्या मसलतीतून वगळण्याची कल्पना त्या वैद्यांना फारशी विपरीत वाटली नसावी, ही गोष्ट आज वाचतानाही अंतःकरणाला बोचते.

अखेर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लंडनहून मोरेल मॅकेन्झी बर्लिनला पोहोचले. कंठरोगांच्या स्वतंत्र रुग्णालयाचे ते संस्थापक, आणि मुखावाटे स्वरयंत्रात चिमटा घालण्याच्या कौशल्याबद्दल त्यांची युरोपभर ख्याती होती. त्यांनी एकच आग्रह धरला : गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून तिला कर्करोग म्हणू नये, आणि तोवर गळा उघडू नये. त्यांनी तुकडा काढला. पेशीविकृतीच्या शास्त्राचे आद्य आचार्य रुडॉल्फ व्हिर्को यांनी तो तपासला आणि त्यात कर्करोगाची चिन्हे नाहीत असा निर्वाळा दिला. शस्त्रक्रिया रहित झाली.

मॅकेन्झींचा हा आग्रह योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. कालचक्र त्यांच्या विरुद्ध फिरले म्हणून त्यांची मागणीच चुकीची ठरत नाही. छेद घेण्यापूर्वी ऊतीची परीक्षा करावी हा आज सर्वमान्य झालेला दंडक त्या काळी अद्याप रूढ व्हायचा होता. प्रमाद घडला तो त्यानंतर. जूनमध्ये आणखी तुकडे तपासून दिलेल्या अहवालात व्हिर्को यांनी नमूद केले होते, की आपला निष्कर्ष हाती आलेल्या तुकड्यांपुरता आहे, संपूर्ण विकाराविषयी त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही. शास्त्रज्ञाला शोभेल अशी ती मर्यादा होती. पण राजवाड्याला आशा हवी होती, मॅकेन्झींना स्वतःच्या तर्काला आधार हवा होता, आणि त्या अहवालातले ‘नाही’ तेवढे सर्वांनी उचलले. चिमट्यात आलेला कण गाठीच्या पृष्ठभागावरचाच असेल आणि रोग त्याच्या खाली दडलेला असेल, ही शक्यता बोलून दाखवणाऱ्यांना ऐकणारे कोणी उरले नाही. मॅकेन्झींनी तुकडा भलत्याच, निरोगी स्वररज्जूचा काढला असाही आरोप जर्मन वैद्यांनी केला. मॅकेन्झींनी तो फेटाळला. त्या उन्हाळ्यातील सारा निर्णय एकट्या व्हिर्कोंच्या अभिप्रायावर उभा राहिला.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. जूनमध्ये युवराज सासूबाईंच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडनला गेले. सप्टेंबरात मॅकेन्झींना ‘सर’ हा किताब मिळाला. नोव्हेंबरात इटलीच्या किनाऱ्यावरील सान रेमो येथे कंठातील वाढ इतकी उघड झाली, की कर्करोगाविषयी वाद उरला नाही. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यास युवराजांनी, आता सर्व समजून-उमजून, नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासासाठी त्यांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली, मार्चमध्ये वडील निवर्तले, आणि चिठ्ठ्या लिहून संभाषण करणारा हा सम्राट ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी मरण पावला. शवविच्छेदनात कर्करोग सिद्ध झाला.

त्यानंतर जे घडले ते मृत्यूपेक्षाही क्लेशकारक आहे. जर्मन वैद्यांनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली, मॅकेन्झींनी उत्तरादाखल पुस्तक लिहिले, आणि लंडनच्या शल्यविशारदांच्या रॉयल कॉलेजने त्याबद्दल त्यांचा निषेध केला. बेर्गमान यांचे ऐकले असते तर सम्राट वाचले असते, असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हणू नये. बिलरोट यांनी व्हिएन्नात संपूर्ण स्वरयंत्र प्रथम काढले त्याला तेव्हा पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती आणि अशा शस्त्रक्रियांत रुग्ण दगावणे नित्याचे होते. मला यात दिसते ते असे, की पंडितांची वाण त्या राजवाड्यात नव्हती. वाण होती ती त्यांच्या मतांची एकाच पुराव्यासमोर शांतपणे रुजवात घालण्याची. प्रत्येक अभिप्राय दुसऱ्याला पराभूत करण्यासाठी दिला गेला, त्यात राष्ट्राभिमान मिसळला, आणि व्हिर्कोंच्या सावध वाक्याचा अर्थ सर्वांनी मिळून लावावा अशी बैठक काही भरली नाही.

आज अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. शल्यविशारद, किरणोपचार करणारा, औषधोपचार करणारा, क्ष-किरणादी चित्रे वाचणारा आणि ऊती तपासणारा विकृतितज्ज्ञ हे एकाच रुग्णाचे कागद समोर ठेवून एकत्र विचार करतात. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळेची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतितज्ज्ञाकडे आली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ‘एकदा टाटाला दाखवून या’ हा सल्ला आज महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ऐकू येतो, आणि तेथे येणाऱ्या रुग्णाने गावाकडून आणलेली ऊतीची काचपट्टी, म्हणजे स्लाइड, पुन्हा तपासली जाते. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने देशभरातील केंद्रे या मुंबईच्या संस्थेशी जोडली, त्यामुळे दूरच्या रुग्णालयातील कठीण प्रकरणही अनेक तज्ज्ञांपुढे मांडता येते.

म्हणून ज्या घरावर कर्करोगाचे संकट आले असेल त्या घरातील वाचकास माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीच्या कागदासोबत स्लाइड आणि ऊतीचा तुकडा जतन केलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला केवळ पहिल्याचे शब्द वाचून मत देणे अवघड असते. तुकडा पुरेसा होता काय, हे स्पष्ट विचारावे. रुग्णाला मसलतीतून वगळू नये. दुसऱ्या मतासाठी वेळ किती घेता येईल हेही वैद्यांकडूनच समजून घ्यावे. आणि दोन मते जुळली नाहीत, तर तिसरे दार ठोठावण्याआधी पहिल्या दोघांना एकमेकांची कारणे लेखी कळवावीत.