नव्या रिव्हॉल्व्हरची परीक्षा

नव्या शस्त्राची पारख कोणी करायची, या प्रश्नाचा माग काढत आपण १६३७ सालच्या लंडनला पोहोचतो. त्या वर्षी बंदूक बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाला राजाची सनद मिळाली आणि नळ्या तपासून त्यांवर शिक्का मारण्याची प्रथा तिथे रुजली. रीत कठोर होती: नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, नळी तगली तर शिक्का, नाहीतर भंगार. १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने बर्मिंगहॅमलाही असे परीक्षागृह उभे राहिले. पुढे १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले आणि नळीच्या जोडीला फिरती चक्री आली. १८४७ च्या त्याच्या भल्यामोठ्या 'वॉकर' रिव्हॉल्व्हरच्या कित्येक चक्र्या वापरताना फुटल्या. दारू खूप मावत होती आणि धातू तेवढ्या ताकदीचा नव्हता. कोल्टने पुढच्या नमुन्यात चक्री आखूड केली.

चक्री फुटली तर निदान कळते; जुळणीतला दोष मात्र लपून राहतो. घोडा पडतो त्या क्षणी चक्रीचे घर नळीच्या नेमके मागे यायला हवे. किंचित फरक पडला तरी गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. नळी मजबूत असल्याची खूण देणारा शिक्का या दोषाबद्दल फारसे सांगत नाही. त्याचे उत्तर गेजने, म्हणजे भागाचे माप पडताळणाऱ्या ठरावीक मापकाने, दिले. १८२० च्या दशकात जॉन हॉलने अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात एकमेकांच्या जागी बसतील असे रायफलीचे भाग घडवले, प्रत्येक भाग गेजने मोजून. यंत्रावर भाग घडवण्याची ही पद्धत कोल्टने १८५३ मध्ये लंडनच्या कारखान्यात नेली.

हा प्रवास पुण्याच्या वेशीपर्यंतही येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अक्षरे असतात. वारज्याहून चांदणी चौक ओलांडून पाषाणला गेलो, की १९५८ साली स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन संस्था, एआरडीई, लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बनवण्याबरोबरच त्याची चाचणी घेण्यालाही परवान्याची अट घातली. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीतून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर आले. २०२१ मध्ये सरकारी निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. कानपूरची शस्त्रे एका कंपनीकडे गेली, तर खडकीचा दारूगोळा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे.

आता चक्रीचे घर एक कंपनी कोरते आणि त्यात बसणारे काडतूस दुसरी भरते. दोघींची मापे जुळायलाच हवीत. म्हणूनच पोलाद निवडण्यापासून चक्री बसवण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर मोजमाप व्हावे आणि शेवटचा शिक्का त्या साऱ्या मोजमापांची साक्ष असावा. पावणेचारशे वर्षांहून जुन्या या परंपरेने नव्या रिव्हॉल्व्हरच्या ग्राहकाला दिलेला हा हक्क आहे, आणि त्यात तडजोड होता कामा नये.